फॅशन शूटवर असिस्टंट: आधी मिनिटाची किंमत शिका, मग स्वतःचं काम सुरू करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फॅशन फोटोशूटवरच्या असिस्टंटचं काम पाहिलं. व्हिडिओत आकडे पटकन पुढे निघून जातात, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊनच बसा, मध्ये दोन हिशेब आहेत.

सुरुवातीलाच सांगते, मी फोटोग्राफर नाही. माझं कुर्ती आणि साड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मालाचं शूट मी करून घेते. म्हणजे मी पैसे देणाऱ्याच्या खुर्चीवर बसून असिस्टंट मंडळींना काम करताना बघत आले आहे. कोणाला दुसऱ्यांदा बोलावणं येतं आणि कोणाला नाही, हे त्या खुर्चीवरून फार स्पष्ट दिसतं.

हा धडा कोणासाठी आहे?

- ज्यांना पुढे स्वतःचा फोटोग्राफीचा किंवा कॅटलॉग शूटचा व्यवसाय करायचा आहे.
- ज्यांना मेकअप, स्टायलिंग, स्टुडिओ भाड्याने देणं असं काहीतरी करायचं आहे.
- ज्यांचा कपड्यांचा धंदा आहे आणि शूटवर आपले पैसे नेमके कुठे जातात हे ज्यांना कळत नाही.

आजच्या धड्याचं एकच वाक्य लक्षात ठेवा: शूटवर सगळ्यात महाग असतं ते मिनिट. कॅमेरा, लाइट, मॉडेल, सगळं त्या मिनिटाच्या भाड्यात येतं. असिस्टंट विकतो ती वस्तू म्हणजे वाचवलेलं मिनिट. हे ज्याला कळलं, त्याला पुढे स्वतःच्या कामाचा दर लावता येतो.

१. कोणत्या शूटवर जायचं?

"फॅशन शूट" म्हटलं की होर्डिंगवरचा मोठा फोटो डोळ्यासमोर येतो. त्याला कॅम्पेन म्हणतात. दिवसभर राबून मोजकेच फोटो निघतात आणि टीम मोठी असते. दुसरा प्रकार लुकबुक, म्हणजे सीझनचा माल एका मूडमध्ये दाखवायचा. तिसरा प्रकार कॅटलॉग आणि ई-कॉमर्स. इथे एका दिवसात कपड्यांचा ढीग संपवायचा असतो. सुरतच्या साडी बाजारात माल बाहेर पडतो तोच कॅटलॉगचे फोटो घेऊन. ऑनलाइन विकणाऱ्यांचे नियम तर पक्के असतात. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची बॅकग्राउंड शुद्ध पांढरी लागते, वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि झूम चालण्यासाठी फोटोची मोठी बाजू किमान १,००० पिक्सेल लागते.

शिकायला जायचं असेल तर माझा सल्ला कॅटलॉग शूटचा. ग्लॅमर कमी, पण तीच गोष्ट दिवसात तीस-चाळीस वेळा होते. हात तयार होतो. आणि उद्या तुमच्या गावात दुकानदार जे काम देणार आहेत, ते हेच काम असणार आहे.

२. सेटवर कोण कोण असतं?

फोटोग्राफर, मॉडेल, मेकअप आणि हेअर आर्टिस्ट, स्टायलिस्ट, क्लायंटचा माणूस, मोठं शूट असेल तर आर्ट डायरेक्टर आणि प्रोड्यूसर. लॅपटॉपवर फोटो उतरवून बघणारा वेगळा माणूस कधी असतो, कधी ते काम असिस्टंटच करतो. मुंबईत लाइट भाड्याने आणले की सोबत लाइटवाले दादा येतात. इस्त्रीवाले दादा आणि स्पॉटदादा असतात.

असिस्टंट दोन प्रकारचे. पहिला असिस्टंट फोटोग्राफरच्या बाजूला उभा राहून लाइट आणि कॅमेरा बघतो. दुसरा असिस्टंट सामान, बॅटऱ्या, बॅकग्राउंड आणि धावपळ बघतो. नवीन माणूस दुसऱ्या जागेवर जातो, त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगते. लाइटवाले दादा आणि इस्त्रीवाले दादा यांच्याशी नीट वागा. अनेक फोटोग्राफरांच्या सेटवर उभे राहून आलेली ही माणसं असतात. स्किमरचं कापड कुठे ताणायचं आणि थर्माकोलचा शीट किती जवळ आणला की चेहऱ्यावरची सावली उठते, हे कोर्सपेक्षा लवकर ते शिकवतात. तुम्ही विचारलंत तर.

३. मिनिटाचा हिशेब

आता वही काढा. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या शहरातले दर तुम्ही विचारून भरा. समजा एका दिवसाच्या शूटचा खर्च असा आहे:

- स्टुडिओ: १८,०००
- फोटोग्राफर: ४०,०००
- मॉडेल: २५,०००
- मेकअप आणि हेअर: १२,०००
- स्टायलिस्ट: १२,०००
- लाइट आणि सामानाचं भाडं: ८,०००
- जेवण, गाड्या, इस्त्री, किरकोळ: ५,०००

एकूण १,२०,००० रुपये. कामाचे तास ८, म्हणजे ४८० मिनिटं. भागाकार करा: एका मिनिटाला २५० रुपये.

आता फ्लॅशच्या ट्रिगरची बॅटरी गेली. असिस्टंटने जादा बॅटरी खिशात ठेवली नव्हती, शोधाशोध झाली, दहा मिनिटं गेली. २,५०० रुपये गेले. असिस्टंटची दिवसाची मजुरी समजा १,५०० आहे. म्हणजे त्याच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा जास्त रक्कम एका सेलपायी गेली.

उलट बाजूनेही बघा. दिवसाला ३० कपडे होत असतील तर एका कपड्याचा खर्च ४,००० रुपये. चांगल्या टीमने त्याच दिवसात ४० केले तर ३,०००. कॅमेरा तोच, मॉडेल तीच. फरक पडला तो दोन कपड्यांमधल्या वेळात, आणि हा मधला वेळ बऱ्याच अंशी असिस्टंट आणि इस्त्रीवाल्यांच्या हातात असतो.

म्हणूनच मी क्लायंट म्हणून असिस्टंटकडे बघते तेव्हा त्याला कॅमेऱ्याचं किती ज्ञान आहे हे माझ्या ध्यानातही येत नाही. एक कपडा संपायच्या आत पुढचा हँगरवर तयार आहे का, एवढंच मला दिसतं.

४. दिवस कसा जातो?

आदल्या रात्री: कॉल शीट वाचा. त्यात पत्ता, वेळ, टीम आणि क्रम असतो. फोन पूर्ण चार्ज करा, मॅपवर रस्ता बघून ठेवा. कॉल टाइम ८ चा असेल तर पाऊण तास आधी गेटवर.

शूटच्या आधी: सामान उतरवताना मोजा आणि यादी करा. किती स्टँड, किती हेड, किती बॅटऱ्या, किती कार्डं. ही यादी रात्री पॅक-अपला वाचवते. पेपर बॅकग्राउंडचा रोल साधारण पावणेतीन मीटर रुंद असतो. तो दोघांनी धरून लावायचा, एकट्याने लावला की मध्ये सुरकुती पडते आणि मग ती प्रत्येक फोटोत दिसते. वळणदार पांढरी भिंत असलेला स्टुडिओ असेल तर त्यावर बाहेरची चप्पल नेऊ नका. एक काळा डाग पडला की एडिटिंगवाल्याला शेकडो फोटोंतून पुसावा लागतो.

लाइट लावताना: मॉडेल मेकअपला बसलेली असते तेव्हा तिच्या जागी तुम्ही उभे राहता. गंमत वाटते, पण हाच तुमचा वर्ग आहे. फोटोग्राफर लाइट एक फूट जवळ का आणतो, वर का चढवतो, ते स्वतःच्या अंगावर बघायला मिळतं. लाइट पक्का झाला की प्रत्येक स्टँडच्या पायाशी टेपची खूण करा आणि फोनमध्ये एक फोटो काढून ठेवा. कोणी धक्का दिला तरी अर्ध्या मिनिटात पुन्हा तीच जागा मिळते.

पहिला फोटो रंगाचा: कलर चेकर किंवा ग्रे कार्ड मॉडेलच्या हातात देऊन एक फोटो घेतला जातो. लाइट बदलला की पुन्हा. दुकानदार म्हणून याचं महत्त्व मला विचारा. मरून साडी फोटोत लाल दिसली की गिऱ्हाईक पार्सल परत पाठवतं. जाण्या-येण्याचा कुरियर खर्च दुकानाच्या माथी.

शूट चालू असताना: तुमच्या कमरेच्या पाऊचमध्ये एवढं असावं: गाफर टेप, कपड्यांच्या क्लिपा, सेफ्टी पिना, दुतर्फा टेप, लिंट रोलर, छोटी कात्री, मार्कर, जादा सेल. ढगळ कुर्ती मागून क्लिपा लावून मॉडेलच्या मापात बसवायची, पण क्लिपा लावायचं काम स्टायलिस्टचं. तिने मागितलं की तुम्ही हातात द्यायची. कपड्याचा कोड आणि फोटोचा नंबर यांची यादी दर कपड्याला लिहायची. चाळीस कपडे झाल्यावर "हा निळा की तो निळा" हा घोळ सोडवण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

कॅमेऱ्यातून लॅपटॉपला जाणारी वायर हे तुमचं लेकरू समजा. कोणाचा पाय अडकला तर कॅमेरा किंवा लॅपटॉप खाली. वायर टेपने जमिनीला चिकटवा.

पॅक-अप: सगळे दमलेले असतात आणि नेमकं तेव्हाच नुकसान होतं. फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर गेले आहेत, उघडून पाहिले आहेत आणि फोटोग्राफरने स्वतः "हो" म्हटलं आहे, हे तिन्ही झाल्याशिवाय एकही कार्ड रिकामं करायचं नाही. दोन डिस्क एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत. मग सकाळच्या यादीवरून सामान मोजायचं.

५. अंगावर येणारं सामान

हा भाग कोणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सी-स्टँडचे तीन पाय वेगवेगळ्या उंचीवर असतात. सगळ्यात वरचा पाय वजनाच्या दिशेला ठेवायचा आणि वाळूची पिशवी त्याच पायावर टाकायची. पिशवी जमिनीला टेकली तर तिचं वजन जमिनीवर जातं, स्टँडवर नाही, म्हणून ती अधांतरी लटकली पाहिजे. आडवा दांडा पुढे काढताना त्याचा नट आपल्या उजव्या हाताला येईल असं उभं राहायचं. मग दांड्यावरचं वजन खाली ओढतं तेव्हा नट आणखी आवळला जातो. उलट लावलात तर तेच वजन नट सैल करतं आणि लाइट मॉडेलच्या डोक्यावर.

फ्लॅश हेडची वायर काढण्याआधी युनिट बंद करायचं आणि आत साठलेली पॉवर मोकळी करायची. बल्बला लगेच हात लावायचा नाही. बाहेरच्या शूटवर छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावला असेल तर तो शिडासारखा वारा धरतो. तिथे वाळूची पिशवी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एक हात स्टँडवर हवाच.

पायात बंद बूट, अंगावर साधे गडद कपडे. भडक टी-शर्टचा रंग जवळ उभं राहिल्यावर पांढऱ्या कपड्यावर उमटतो.

६. काय बोलायचं आणि काय नाही?

- पोझ, मेकअप, कपडा यावर आपलं मत आपल्याजवळ. काही खरंच चुकलेलं दिसलं, उदाहरणार्थ किमतीचा टॅग बाहेर आलाय, तर हळूच फोटोग्राफरला सांगा. सगळ्यांसमोर ओरडू नका.
- मॉडेलला हात लावायचा नाही. केस, पदर, दुपट्टा नीट करायला स्टायलिस्ट आणि मेकअपताई आहेत. कपडे बदलायच्या जागेकडे फोन घेऊन फिरकायचंसुद्धा नाही.
- सेटवरचे फोटो तुमच्या स्टेटसवर नकोत. माल बाजारात यायच्या आधी डिझाइन बाहेर गेलं तर क्लायंटचा सीझन जातो. आणि कायद्याने बघितलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. पोर्टफोलिओत दाखवायचं असेल तर फोटोग्राफरला लेखी विचारा आणि "असिस्टंट म्हणून काम केलं" असंच लिहा.
- क्लायंटला गुपचूप आपलं कार्ड द्यायचं नाही. हे जग लहान आहे. एका कामासाठी दहा कामं बंद होतात.

मुलींसाठी, खरं तर सगळ्यांसाठीच: जागेचा पत्ता आणि पॅक-अपची वेळ घरी कळवून जा. रात्री उशीर होणार असेल तर परतीची सोय कोण करणार हे आधी ठरवा. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर मुलींनो, २०१३ चा कायदा तुमच्या बाजूने आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. रोजंदारीवर गेलात तरी हा हक्क तुम्हाला आहे.

७. पैशाचं बोलणं

इथे सगळ्यात जास्त लोक गप्प बसतात. "सर काय देतील ते" हे वाक्य आजपासून बंद.

आमच्या बॅचमधल्या एका मुलाचं सांगते. एका एजन्सीकडे तो सहा दिवस राबला. सगळं फोनवर ठरलेलं. दोन महिने पैसे आले नाहीत, विचारलं तर उत्तर आलं, "तू तर शिकायला आला होतास ना?" ९,००० रुपये. त्याच्या खोलीचं भाडं अडकलं होतं. शेवटी सोबत काम केलेल्या दुसऱ्या मुलाकडे कॉल शीट निघाली. त्यावर याचं नाव असिस्टंट म्हणून छापलेलं होतं. ती दाखवल्यावर अर्धे पैसे सुटले. बाकीचे अजून नाहीत.

म्हणून काम ठरलं की त्याच दिवशी एक मेसेज पाठवायचा. नमुना देते, तसाच वापरा:

"नमस्कार सर, १२ तारखेच्या शूटला असिस्टंट म्हणून येतोय. ठरल्याप्रमाणे दिवसाचे १,५०० रुपये, १० तासांची शिफ्ट, त्यापुढे तासाला २०० रुपये, कन्व्हेयन्स वेगळा. पेमेंट शूटनंतर १५ दिवसांत. बरोबर आहे ना? कन्फर्म कराल का?"

समोरून "ओके" आलं की तुमच्याकडे पुरावा आहे. नीट काम करणाऱ्या माणसाला या मेसेजचा राग येत नाही. राग आला, तर पैसे अडकायच्या आधीच तुम्हाला कळलं असं समजा.

दर ठरवताना प्रवास मोजा. पुण्याहून मुंबईला शूट आहे. १,५०० मधून जाण्या-येण्याचे ६०० आणि चहा-जेवणाचे २०० गेले तर हातात ७००. पहाटे ४ ला घर सोडलं आणि रात्री ११ ला परत आलात, म्हणजे १९ तास. तासाला ३७ रुपये पण नाहीत. शिकायला म्हणून दोन-चार वेळा ठीक आहे, पण हा आकडा डोळ्यासमोर ठेवून जा. कन्व्हेयन्स वेगळा मागायचा तो याचसाठी.

कागदपत्रांची बाजू:

- उद्यम नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. कोणी हजार-दोन हजार मागितले तर ते देऊ नका. काम सुरू करण्याआधी नोंदणी झालेली असावी.
- २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात आणि ती तारीख ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे.
- बिल प्रत्येक कामाचं करा, साधं असलं तरी चालेल: नंबर, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, बँक खातं, उद्यम नंबर.
- सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. बिलावर जीएसटी लावायचा नाही.
- क्लायंटने टीडीएस कापला तर घाबरू नका. तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर दिसतो. रिटर्न भरलंत आणि कर लागत नसेल तर परत मिळतो.

नवीन माणसाला लगेच पोर्टलवर तक्रार करायची वेळ सहसा येत नाही. पण "सर, माझी उद्यम नोंदणी आहे, बिलाला ४५ दिवस होत आलेत" एवढा सभ्य मेसेजही बऱ्याचदा पुरतो.

८. फुकट काम करायचं का?

माझं उत्तर: एक दिवस, आणि तोही तुम्ही निवडलेल्या माणसाकडे. त्या दिवसाला "बघायला येतो" म्हणा, म्हणजे जड उचलायची आणि सामानाची जबाबदारी तुमच्यावर नाही. ज्या दिवशी जबाबदारी दिली जाते, त्या दिवसापासून मजुरी सुरू. क्लायंट १,२०,००० खर्च करत असताना फक्त तुमच्याच जागेवर शून्य लिहायला काही कारण नाही.

९. काम मिळवायचं कसं?

पन्नास जणांना "सर काम द्या" पाठवू नका. पाच जण निवडा, त्यांचं काम नीट बघा आणि असं लिहा:

"नमस्कार मॅडम, मी नाशिकला राहते. तुमचं पैठणीचं कॅटलॉग शूट पाहिलं, जरीची चमक दिसते पण पांढरी फटक होत नाही, ते फार आवडलं. मला सी-स्टँड, सॉफ्टबॉक्स लावता येतात, लॅपटॉपला कॅमेरा जोडून फाइलींची नावं लावता येतात. दोन दिवस आधी कळवलंत तरी येऊ शकते. दुसऱ्या असिस्टंटची गरज पडली तर जरूर बोलवा."

यात तीन गोष्टी आहेत: काम खरंच बघितलंय, काय येतं ते नेमकं सांगितलंय आणि कधी येऊ शकते ते सांगितलंय. "फोटोग्राफीची खूप पॅशन आहे" हे कोणालाच नको असतं.

फोटोग्राफर मिळाले नाहीत तर लाइट भाड्याने देणाऱ्यांकडे जा. आठवडाभर त्यांच्या गोडाऊनमध्ये सामान पुसून लावलंत तरी प्रत्येक वस्तूचं नाव आणि भाडं पाठ होतं, आणि फोटोग्राफर तिथेच सामान घ्यायला येतात.

१०. असिस्टंट ते मालक

लंडनचा डेव्हिड बेली १९५९ मध्ये जॉन फ्रेंच या फॅशन फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश "व्होग"साठी फोटो काढू लागला. सगळ्यांचं एका वर्षात होत नाही. पण असिस्टंटची जागा कायमची नसते, ती शिडी असते. आपण वर कधी चढायचं हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

माझी कसोटी सोपी आहे. शूट सुरू व्हायच्या आधी तुम्ही वहीत खर्च आणि कपड्यांची संख्या अंदाजाने लिहा. रात्री खरे आकडे भरा. सलग पाच शूटवर तुमचा अंदाज जवळपास बरोबर आला की तुम्ही स्वतःचं कोटेशन द्यायला तयार आहात.

आता दुसरा हिशेब. तुमच्या गावातल्या दुकानदाराचे २० कपडे आहेत. हेही उदाहरणच:

मॉडेल ६,०००, मेकअप ३,०००, जागा २,०००, लाइटचं भाडं २,५००, इस्त्री आणि मदतनीस १,५००, जेवण-प्रवास १,०००. झाले १६,०००. एका कपड्याचे ४ म्हणजे ८० फोटो, प्रत्येकी २५ रुपये एडिटिंग, २,०००. एकूण १८,०००. तुमचे स्वतःचे दोन दिवस, दिवसाला ३,००० धरून ६,०००. बेरीज २४,०००. म्हणजे एका कपड्याला १,२०० रुपये, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही.

शूटचा वेळ ६ तास धरला तर एका कपड्याला १८ मिनिटं मिळतात. समजा इस्त्री मागे पडली, यादी नव्हती आणि एका कपड्याला २४ मिनिटं लागली. दिवसात १५ च कपडे झाले. एडिटिंग ६० फोटोंचं १,५०० होतं, बाकी खर्च तोच, एकूण २३,५००. एका कपड्याला १,५६७ रुपये!

फक्त सहा मिनिटांनी दर साडेतीनशेहून जास्त वाढला. तुम्ही दुकानदाराला १,४०० चं कोटेशन दिलं असेल तर १८ मिनिटांत तुम्ही नफ्यात आहात, २४ मिनिटांत तोट्यात. बाजारात कोणी ८०० मध्ये करतो म्हणून तुम्हीही ८०० लावलेत, तर खर्चही पूर्ण निघणार नाही आणि फरक तुमच्या खिशातून जाईल.

हे मिनिट कसं वाचतं, हेच दुसऱ्याच्या सेटवर, दुसऱ्याच्या खर्चाने, मजुरी घेऊन शिकायला मिळतं. म्हणून मी असिस्टंटच्या कामाला धंद्याची शाळा म्हणते.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या शहरातले स्टुडिओ, लाइट, मॉडेल आणि मेकअपचे दर प्रत्येकी दोन ठिकाणी विचारा आणि वरच्या पहिल्या तक्त्यात भरा. तुमच्या शहराचं मिनिट किती रुपयांचं आहे ते काढा.
२. घरातले पाच कपडे घ्या. हँगर, इस्त्री, एक खिडकी, एक पांढरी चादर, एक थर्माकोल आणि मोबाइल. पाचही कपड्यांचे प्रत्येकी चार फोटो काढा आणि घड्याळ लावा. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करा. मिनिटं कुठे वाचली ते लिहा.
३. पाच फोटोग्राफर निवडा आणि वरच्या नमुन्याप्रमाणे मेसेज स्वतःच्या शब्दांत लिहा. त्यातला एक आजच पाठवा.

पुढच्या भागात याच शूटकडे दुकानदाराच्या बाजूने बघू: कोणते कपडे मॉडेलवर काढायचे, कोणते नुसते पसरून काढले तरी चालतात, आणि कोटेशन आलं की त्यातल्या कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं.

तोपर्यंत वही भरत राहा. भेटू!